जखम बांधणारे हात गेटवर कशाला?

(साताऱ्यातील माजी सैनिक मेळाव्यात एका आपत्कालीन विभागाच्या डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

माजी सैनिक बंधूंनो, वीरमाता, वीरपत्नी आणि मागं उभ्या असलेल्या पोरांनो, पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत.

ज्यांच्या घरातलं कुणीच फौजेत नाही, त्यांनी हात वर करा. दोघंच? छान. मी तुम्हा दोघांशी बोलतो, बाकीच्यांची उजळणी होईल.

माझं म्हणणं एवढंच आहे. आर्मी मेडिकल कोअरच्या नर्सिंग असिस्टंटला बाहेर चालणारं प्रमाणपत्र अंगावर वर्दी असतानाच मिळायला हवं. पेन्शनीवर आल्यावर नव्हे.

माण तालुक्यातले एक हवालदार आहेत. नाव सांगत नाही, त्यांना संकोच वाटेल. बारावी सायन्स करून भरती झाले, लखनौला ट्रेनिंग, मग वीसेक वर्षं युनिटची एमआय रूम, म्हणजे पलटणीचा दवाखाना, आणि मिलिटरी हॉस्पिटलं. उंचीवरच्या चौकीत श्वास लागलेला जवान खाली आणायचा, सलाईन गोठू नये म्हणून बाटली स्वतःच्या कोटात धरायची, हे त्यांचं रोजचं काम. घरी आल्यावर एका खासगी हॉस्पिटलात अर्ज दिला. तिथल्या बाईंनी डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या नोकरीची नोंदवही, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “जीएनएम, नर्सिंगचा डिप्लोमा आहे का? नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन?” नव्हतं. “मग गेटवर जागा आहे.” त्या बाईंना मी दोष देत नाही, कायद्यानं त्यांचे हात बांधलेले होते. पण हवालदार खरोखरच गेटवर उभे राहिले. स्ट्रेचर आला की बाजूला व्हायचं, हे त्यांचं काम!

एकदा या गेटच्या नोकरीतून रजेवर गावी निघालेले असताना खंबाटकी घाटात एक मोटारसायकलवाला ट्रकखाली आला. मांडीच्या खालच्या भागातून रक्ताची चिळकांडी. भोवती गर्दी, कुणी पाणी पाजा म्हणतंय, कुणी हळद मागतंय. हवालदारांनी ट्रकवाल्याचा पंचा घेतला, जखमेच्या वर चार बोटं बांधला, गाठीत पाना अडकवला आणि पिळत गेले. पोरगा ओरडत होता. ते रक्त थांबेपर्यंत पिळत राहिले, मग पाना दुसऱ्या फडक्यानं जखडला. कुणाच्या तरी लेकीचं स्केचपेन मागून पोराच्या कपाळावर ‘टी’ आणि खाली 10:40 लिहिलं. ‘टी’ म्हणजे टूर्निकेट, रक्त अडवणारा आवळपट्टा. रक्त कधी अडवलं हे पुढच्या डॉक्टरला कळायला हवं, म्हणून. ती वेळ मी स्वतः वाचली, कारण पोरगा माझ्याच टेबलावर आला. पाय वाचला. एकशेआठच्या डॉक्टरनं त्यांना विचारलं होतं, “तुम्ही कोण?” ते म्हणाले, “सिक्युरिटीत आहे.”

मंडळी, हे ऐकल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही.

हा प्रश्न जगात सुटलेला आहे. अमेरिकेत 1965 साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातून बाहेर पडलेले चार वैद्यकीय सहायक घेऊन फिजिशियन असिस्टंटचा, म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्ण पाहणाऱ्या सहायकाचा, अभ्यासक्रम काढला. आज तो तिथला मोठा पेशा आहे. आणि आताचा त्यांचा लष्करी मेडिक ट्रेनिंगमध्येच नागरी ईएमटीची, म्हणजे अॅम्ब्युलन्समध्ये तातडीचे उपचार करणाऱ्या तंत्रज्ञाची, राष्ट्रीय परीक्षा देतो. म्हणजे कागद आधीच खिशात. आपल्याकडं कागद शोधायला माणूस चाळिशीत बाहेर पडतो, तेव्हा पोरांच्या फिया तोंडावर आलेल्या असतात.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. सुभेदारसाहेब, सात द्या. मुद्द्याचं आता आलंय.

फौजेतलं शिक्षण जसंच्या तसं बाहेर चालेल, असं मी म्हणत नाही. ज्याची उमर एमआय रूममध्ये गेली, त्यानं तरणेबांड गडी पाहिले. अडलेली बाळंतीण, साठीतला हार्ट अटॅक, फवारणीचं औषध प्यालेला शेतकरी, झटके येणारं तान्हं मूल, हे त्याला शिकायला हवं. जोडशिक्षण लागतं, परीक्षाही लागते. पण रक्त थांबवणं आणि श्वास मोकळा करणं पहिल्यापासून शिकवायला नको.

सेवेच्या शेवटच्या वर्षात पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स असतातच. त्यात सिव्हिल हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत आणि लेबर रूममध्ये प्रत्यक्ष ड्यूटी घाला. 2021 च्या संबद्ध आरोग्य व्यवसाय कायद्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हा प्रवर्ग आहे. त्या नोंदणीसाठी फौजेतला अनुभव धरा.

आणि जागा? महाराष्ट्राची एकशेआठ 2014 ला 937 गाड्यांसाठी आखली गेली. आपल्याकडं गाडीत डॉक्टर आणि पायलट, म्हणजे ड्रायव्हर. हैदराबादेत 2005 ला सेवा निघाली ती ईएमटी घेऊनच. डॉक्टर काढा असं मी म्हणत नाही, पण तिसरा माणूस द्या. वळणात चालत्या गाडीत एकटा डॉक्टर छाती दाबणार, श्वास देणारी अंबू पिशवी पिळणार की शीर शोधणार?

निवेदनाचा कागद बाहेरच्या टेबलावर आहे, तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्यायचाय. सही करताना नुसतं नाव नको. ट्रेड लिहा, डिस्चार्ज बुकातले कोर्स लिहा आणि आज काय काम करता, तेही लिहा.