यादीतला क्रम आणि हडसनवरची साडेतीन मिनिटे

श्रोतेहो, नमस्कार. ज्या कामात चुकीची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते, तिथे नियमपुस्तिका पाळावी की प्रसंगावधान राखावे, असा वाद नेहमी घातला जातो. एक प्रसंग बारकाईने पाहिला, तर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आणि एकाच कॉकपिटमध्ये कशा चालतात, हे दिसते.

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून यूएस एअरवेजच्या १५४९ क्रमांकाच्या विमानाने १५५ जणांसह उड्डाण केले. विमान जेमतेम २,८०० फुटांवर असताना कॅनडा गीज पक्ष्यांचा थवा त्यावर आदळला आणि दोन्ही इंजिनांची शक्ती गेली. अशा वेळी वापरायची तीन पानी चेकलिस्ट विमानात होती. मात्र ती २०,००० फुटांच्या वर इंजिने बंद पडतील, म्हणजे हाताशी बराच वेळ असेल, असे धरून तयार केलेली होती. इथे उरली होती साधारण साडेतीन मिनिटे.

कॅप्टन चेस्ली सलनबर्गर यांनी विमान स्वतःच्या हाती घेतले आणि यादीत बरेच खाली असलेले एक काम, म्हणजे शेपटाकडचे सहायक वीजयंत्र सुरू करणे, लगेच उरकून टाकले. त्यामुळे विमानाच्या संगणकीय नियंत्रणाला वीज मिळत राहिली. क्रम मोडला तो एवढाच. सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांचे या जातीच्या विमानाचे प्रशिक्षण नुकतेच झालेले असल्याने यादी त्यांना ताजी होती, आणि ते ती क्रमानेच वाचत राहिले. पहिल्या पानापलीकडे त्यांना जाता आले नाही, हा भाग वेगळा. नियंत्रकाने देऊ केलेल्या धावपट्ट्या आवाक्याबाहेर असल्याचे पाहून कॅप्टनने हडसन नदी निवडली. सर्वजण वाचले.

याला चमत्कार म्हणण्याची प्रथा पडली आहे. मला ती पटत नाही. (दैवाचा वाटा होताच: या मार्गाला सक्ती नसतानाही त्या विमानात तराफ्यासारख्या वापरता येणाऱ्या, बाहेर पडण्याच्या फुगत्या घसरपट्ट्या होत्या.) कोणती पायरी वर आणायची, हे क्षणात सुचण्यासाठी सगळ्या पायऱ्या आणि त्यांमागची कारणे अंगवळणी पडलेली असावी लागतात, आणि उरलेली यादी सांभाळणारा भरवशाचा सहकारी शेजारी असावा लागतो.

पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीअंती, कमी उंचीवर दोन्ही इंजिने गेल्यास वापरण्यासाठी स्वतंत्र चेकलिस्ट तयार करावी, अशी शिफारस केली.