मॉन्ट्रियलचा पंप कोण उघडणार?

[दृश्य: डिपस्टिक, म्हणजे इंजिनचं तेल तपासायची पट्टी, हळूच वर येते. चिमटीत पांढरं फडकं.]

आधी वास घ्यायचा, रंग नंतर बघायचा. इंजिनच्या तेलाला तेलाचाच वास यायला हवा. या तेलाला पेट्रोलचा वास येतोय. थेंब फडक्यावर पडला आणि पाण्यासारखा पसरला. गाडी सुरू होताना काळा धूर सोडते, गरम झाली तरी तो धूर थांबत नाही, आणि टाकी बघता बघता रिकामी होते.

[दृश्य: कॅमेरा मागे येतो. बुटकी, रुंद, नारंगी गाडी. हेडलाइटवर थांबतो.]

ही इटलीच्या अल्फा रोमिओ कंपनीची मॉन्ट्रियल. हेडलाइटवरच्या या पट्ट्या बघा, अर्धा दिवा झाकून बसलेल्या. दिवे लावले की त्या खाली जातात आणि गाडी डोळे उघडते. हिचं रूप बर्टोने या गाड्यांची रूपं घडवणाऱ्या कंपनीच्या स्टुडिओत मार्चेल्लो गांदिनी यांनी रेखाटलं. लॅम्बोर्गिनी मिउराही त्यांच्याच हातची.

१९६७ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे अल्फाने या रूपाच्या दोन गाड्या ठेवल्या. त्यांना नाव नव्हतं, लोकांनीच गावाचं नाव दिलं आणि ते चिकटलं. आत साधं १६०० सीसीचं इंजिन होतं. १९७० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात विक्रीची गाडी आली, तेव्हा मात्र बॉनेटखाली २५९३ सीसीचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन होतं. अल्फाच्या तेहतीस या रेसिंग गाडीच्या इंजिनाचा हा वारसा, जवळपास २०० अश्वशक्तीचा. १९७७ पर्यंत अशा चार हजारांच्या आतच गाड्या बनल्या. आणि ज्या देशातल्या शहराचं नाव ती मिरवते, त्या कॅनडात किंवा शेजारच्या अमेरिकेत ती कंपनीने कधी विकलीच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिची गरज पडणार आहे.

[दृश्य: बॉनेट उघडतं. आठ सिलिंडरांची आठ इनटेक नळकांडी.]

या इंजिनाला कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा नेहमीचा भाग, नाही. प्रत्येक सिलिंडरला किती पेट्रोल द्यायचं हे एक यांत्रिक पंप ठरवतो. बनवणारी कंपनी स्पिका, इटलीतल्या लिव्होर्नो शहरातली, तेव्हा अल्फाच्याच घरातली. तिचा मूळ धंदा डिझेल इंजिनांच्या पंपांचा.

[दृश्य: टेबलावर उघडून ठेवलेला पंप. कॅमेरा अगदी जवळ.]

इथे जरा थांबू या, कारण सगळी अडचण या टेबलावर आहे. पंपाचे दोन भाग. पहिल्या भागात आठ प्लंजर, म्हणजे वरखाली होणारे दट्टे, प्रत्येक आपापल्या बॅरलमध्ये, म्हणजे नळीत. दोघांमधली फट इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाही. ही फट झिजून वाढली की पेट्रोल खाली झिरपतं आणि इंजिनच्या तेलात उतरतं. मघाचा तो वास इथून आला. डिझेल स्वतःच थोडंफार वंगण असतं, पेट्रोल तसं नाही. म्हणून या पंपाला इंजिनचं तेल पाजावं लागतं, आणि तेल खराब झालं की पंपही खराब होतो.

दुसरा भाग पाहिला की मी दरवेळी गप्प होतो. शंकूसारखा एक कॅम, अंगावर उंचसखल चढउतार. पॅडल किती दाबलंय आणि इंजिन किती वेगाने फिरतंय, यानुसार तो फिरतो आणि सरकतो. त्याच्यावर टेकलेली एक दांडी त्या चढउतारांवरून पेट्रोलचं माप घेते. आजच्या गाडीत हे काम कॉम्प्युटर करतो. इथे कुणीतरी ते सगळं गणित धातूत कोरून ठेवलंय.

आणि हा छोटा नग. थर्मोस्टॅटिक ॲक्चुएटर. त्याचा एक बल्ब इंजिनच्या गरम पाण्यात असतो. पाणी तापलं की आतला द्रव फुगतो, बारीक नळीतून जोर येतो आणि टोकाची पिन पुढे सरकते. पंपाला कळतं, इंजिन गरम झालं, आता पेट्रोल कमी कर. नळीतून द्रव गळून गेला की पिन हलत नाही. बाहेर कितीही ऊन असो, पंपाच्या लेखी इंजिन कायम थंड. मग काळा धूर.

[दृश्य: गॅरेजच्या भिंतीवर टांगलेले पाने. एक हात पाना काढतो.]

अशी गाडी घेऊन लोक ओळखीच्या मेकॅनिककडे जातात. माणूस प्रामाणिक असतो, हात चांगला असतो, पण त्याने हा पंप कधी उघडलेला नसतो. गाडी जास्त पेट्रोल पिते म्हणून तो दांड्यांची लांबी बदलतो, स्क्रू फिरवतो. धूर थोडा कमी होतो, पण वेगात गाडी अडखळते. पुढचा मेकॅनिक त्यावर आणखी फिरवतो. कारखान्याची मूळ सेटिंग एकदा हरवली की ती गॅरेजात बसून परत मिळवणं फार कठीण. शेवटी कुणीतरी म्हणतं, काढा हा पंप, वेबर कार्बोरेटर बसवा. कित्येक मॉन्ट्रियलचं असंच झालं. गाडी चालते, नाही असं नाही. पण तो धातूत कोरलेला कॅम खोक्यात जाऊन पडतो, आणि मला ते बघवत नाही.

[दृश्य: जगाचा नकाशा. इटलीवरून कॅमेरा अटलांटिक ओलांडतो.]

मग तज्ज्ञ शोधायचा कुठे? पहिलं उत्तर सुचतं इटली. चूक म्हणणार नाही. गाडीचे कागद, जुन्या नोंदी, रंगाची खात्री, बॉडीचे पत्रे, या सगळ्यासाठी इटलीच. आरेझे इथे अल्फाचं संग्रहालय आहे, १९६२ पासूनचं रजिस्त्रो इतालियानो अल्फा रोमिओ, म्हणजे या गाड्यांची नोंद ठेवणारं मंडळ आहे. पण पंपाची गोष्ट निराळी. त्या काळात युरोपात विकल्या गेलेल्या बहुतेक अल्फांना कार्बोरेटरच होते. तिथे मॉन्ट्रियल हा अपवाद. अमेरिकेत मात्र धुराचे नियम कडक झाले आणि १९६९ पासून पुढे दहाएक वर्षं तिथल्या चार सिलिंडरच्या अल्फांना स्पिकाचेच पंप बसले. त्यामुळे या पंपांचा हात बसलेली माणसं घडली ती अमेरिकेत, जिथे मॉन्ट्रियल विकायलाच नव्हती.

म्हणून शोध गाडीच्या नावाने न घेता त्या भागाच्या नावाने घ्यायचा. अख्खी गाडी जहाजात घालावी लागत नाही. पंप नीट काढला, तोंडं बंद केली, लाकडी खोक्यात बसवला, की तो जातो आणि परत येतो.

[दृश्य: महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव. 'डिझेल पंप व नोझल' अशी पाटी. आत कॅलिब्रेशनचं, म्हणजे पंपाचं माप तपासून जुळवायचं बेंच.]

हे दुकान आपल्या ओळखीचं आहे. ट्रॅक्टरचा, ट्रकचा पंप इथे बेंचवर चढतो, काचेच्या नळ्यांमध्ये प्रत्येक प्लंजरचं डिझेल मोजलं जातं, आणि सगळ्या नळ्यांत पातळी सारखी आली की मिस्त्री मान हलवतो. स्पिकाच्या पंपाचा पहिला भाग या मिस्त्रीला बघताक्षणी कळेल. प्लंजर, बॅरल, समान माप, हे त्याचं रोजचं काम. दुसरा भाग, तो कॅम आणि ती पिन, त्याने पाहिलेली नसणार. अल्फाच्या जुन्या मेकॅनिकचं बरेचदा उलटं असतं. आपल्याला हवा तो दोन्ही भाग जाणणारा.

तो ओळखायचा कसा? त्याला फोनवर लक्षणं सांगा आणि ऐका, तो आधी काय विचारतो. पंप पाठवून द्या असं पहिल्याच वाक्यात म्हणाला, तर जरा थांबा. जाणता माणूस आधी इग्निशनचं, म्हणजे ठिणगीचं विचारतो. मॉन्ट्रियलला बॉशचे दोन इलेक्ट्रॉनिक डबे आहेत. एक गेला की चार सिलिंडर गप्प बसतात आणि बोल लावला जातो पंपाला. मग तो कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब विचारतो, पेट्रोलचा दाब विचारतो, फिल्टर कधी बदलला ते विचारतो. गाडी किती वर्षं उभी होती हे तर हमखास. सुकलेल्या पेट्रोलचा राळेसारखा थर प्लंजरला जखडतो, आणि अशा पंपावर स्टार्टर मारत राहिलं की आत मोडतोड होते. पंपाची पाळी सगळ्यात शेवटी येते. आणि तो उघडायचा तर ते काम बेंच असलेल्याचंच, हे तो स्वतःहून सांगतो.

अशी माणसं थोडी आहेत आणि वयस्कर आहेत. त्यांच्याकडे नंबर लागतो, महिने जातात. थांबावं. थांबण्यासारखंच काम आहे.

[दृश्य: पंप परत बसलेला. आठही थ्रॉटल, म्हणजे हवेच्या झडपा, एका तालात उघडतात, मिटतात. इंजिन सुरू.]

आता इंजिन थंड आहे, आवाज जरा जड आहे. एक्झॉस्टमधून थोडा धूर येतोय, तो यायलाच हवा. तज्ज्ञाने फट मोजायच्या फीलर गेजचं पातं हातात धरलंय, डोळे ॲक्चुएटरच्या पिनवर. पाण्याचा काटा वर चढतोय. सत्तर. पिन हललेली दिसत नाही, पण पातं आता आधीसारखं सहज आत जात नाही. ऐंशी. आवाज हलका होतो, आरपीएम खाली येऊन स्थिर होतो.

तो पातं पुसून खिशात ठेवतो. मग डिपस्टिक काढतो आणि नाकाजवळ नेतो.