परसातलं तळं जुलैत भरेल, पण मे महिन्यात?

नमस्कार मंडळी! मी गोराईला, आमच्या घराच्या परसात उभी आहे. हा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला खड्डा म्हणजे आमचं तळं. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, खोली सरासरी ६० सेंटीमीटर. म्हणजे ३.६ घनमीटर, ३,६०० लिटर पाणी.

शेजारचे काका म्हणाले, टँकर मागव. कशाला? आणि नळाचं पाणी तर नकोच. भातसा-तानसा धरणांचं पाणी थेट शहापूर तालुक्यातून येतं ते पिण्यासाठी. शिवाय त्यातलं क्लोरीन माशांना सोसत नाही.

आता वर बघा. हे पत्र्याचं छप्पर ५० चौरस मीटरचं आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी. थोडं उडतं, सांडतं, म्हणून ८० टक्केच धरायचं. म्हणजे दर मिलिमीटरला ४० लिटर. ३,६०० लिटरला पाऊस हवा ९० मिलिमीटर. इथे मुंबईत, सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पडतो. एक जोरदार दिवस, आणि तळं काठोकाठ.

पन्हळीचा पाइप मात्र पहिल्याच सरीला तळ्यात सोडू नका. उन्हाळाभराची धूळ, कावळ्यांची शिट, सगळं त्या पाण्यात असतं. पहिले दोन-तीन पाऊस बाहेर जाऊ द्या. काठाशी जादा पाण्याला एक वाट ठेवा, आणि तिचं तोंड घराच्या जोत्याकडे नको.

इतकं केलं की भरण्याची काळजी मिटली. पण आमची आई पहिल्या वर्षीच म्हणाली होती, "जुलैतलं तळं बघून हुरळून जाऊ नकोस." तिचं खरं ठरलं. कोरड्या दिवसांत रोज साधारण ५ मिलिमीटर पाणी उडून जातं. ऑक्टोबर ते मे, आठ महिन्यांत हे होतं १,२०० मिलिमीटर, चार फूट! आणि आपलं तळं दोन फूट. म्हणजे वरून पाणी घातलं नाही तर होळीच्या आधीच तळ दिसणार.

या तळ्याला रोज ३० लिटर लागतात, दोन बादल्या. आमच्याकडे आड आहे, म्हणून जमतं. तुमच्याकडे आड नसेल तर माझं ऐका, पसरट तळं खोदू नका. दिसायला छान दिसतं, पण जितका पृष्ठभाग मोठा तितकं पाणी जास्त उडतं. तेच ३,६०० लिटर २ बाय २ मीटरच्या, ९० सेंटीमीटर खोल तळ्यात ठेवलं तर रोज २० लिटरवर भागतं. कमळाची पानं पसरली की आणखी कमी. खोल तळ्यावर जाळी मात्र हवीच, घरात लहान मूल असेल तर आधी जाळी, मग पाणी. आणि डासांसाठी गप्पी मासे सोडा.

आता ही बादली. गेल्या दिवाळीत आमचं तळं रोज दोन बोटं उतरायला लागलं. मला वाटलं, ऊनच कडक आहे. मग तळ्याच्याच पाण्याने ही बादली भरली, तळ्यातल्या पायरीवर अर्धी बुडेल अशी ठेवली, आणि बादलीत एक, तळ्याच्या काठावर एक अशा खडूने दोन खुणा केल्या. चोवीस तासांनी बादलीतलं पाणी जेमतेम अर्धा सेंटीमीटर उतरलं होतं, तळ्याचं चांगलं तीन. ऊन दोघांवर सारखंच, मग उरलेलं पाणी गेलं कुठे? खाली. पाणी उतरता उतरता एका जागी येऊन थांबलं. तिथेच चाचपडत गेले तर बोटाला लागली नारळाची मुळी, ५०० मायक्रॉनच्या, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड कागदातून वर आलेली. मुळी छाटली, कागद पुसून कोरडा केला, ठिगळ लावलं, आणि बादली पुन्हा त्याच पायरीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी दोन्ही खुणांपासून पाणी सारखंच उतरलं होतं.