चोर्ल्याच्या मातीतलं देवगांडूळ

(दृश्य: कणकुंबीच्या पुढचा घाटरस्ता. जुलैचा पाऊस, कडेला लाल चिखल.)

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याला निघालात, तर वाटेत सॅलामँडर काही भेटणार नाही. भारतात तो राहतो दार्जिलिंग, सिक्कीम आणि ईशान्येच्या डोंगरांत. दार्जिलिंगजवळच्या जोरपोखरीला तर त्याच्यासाठी अभयारण्य राखलंय. चार पाय, लांब शेपटी, तुटलेला पाय पुन्हा उगवून आणणारा प्राणी. सह्याद्रीत तो नाही.

पण त्याचा एक भाऊबंद खानापूर तालुक्यात आपल्या पायाखाली राहतो.

(दृश्य: परड्यातला शेणखताचा ढीग. खोऱ्यानं माती ओढली जातेय.)

खत उकरताना, नाहीतर काजूच्या बुंध्याशी आळं करताना ओल्या मातीतून एक वळवळणारं, चकचकीत अंग बाहेर येतं. कुणी म्हणतं गांडूळ, कुणी म्हणतं साप. साप म्हटलं की खोऱ्याचा घाव पडतो. त्या क्षणी मेलेला असतो बेडकाचा आणि सॅलामँडरचा नातेवाईक: देवगांडूळ. उभयचरांच्या तीन शाखांपैकी ही तिसरी, आणि सगळ्यांत कमी पाहिली गेलेली.

(दृश्य: डोक्याचा जवळून घेतलेला शॉट.)

हे तोंड नीट बघा. गांडुळाला जबडा नसतो. याला जबडा आहे, दात आहेत, पाठीचा कणा आहे. कवटीची हाडं घट्ट जुळलेली, कारण माती फोडायचं हत्यार म्हणजे हे डोकंच. डोळे कातडीखाली गेलेले, काही जातींत तर थेट हाडाखाली. मग अंधारात वाट कशी सापडते? डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये एक बारीक स्पर्शिका असते. ती आत-बाहेर करत हा प्राणी मातीतला वास टिपत पुढे सरकतो. गांडुळं, वाळवी, मुंग्या हे त्याचं खाणं. मोठं भक्ष्य दातांत धरून तो स्वतःच गरागरा फिरतो आणि त्याचा तुकडा तोडतो.

(दृश्य: अंगावर पिवळा पट्टा असलेलं देवगांडूळ, ओढ्याकाठची माती.)

पिवळ्या पट्ट्याच्या देवगांडुळांची मादी ओढ्याजवळच्या ओलसर मातीत अंडी घालते आणि त्यांच्याभोवती वेटोळं करून राखण करत बसते. पिल्लं बाहेर पडून पाण्यात उतरतात, तिथे वाढतात, आणि मोठी झाली की कायमची मातीत शिरतात. दुसऱ्या एका वंशातल्या काही जातींनी पाण्याचा हा टप्पाच गाळलाय. त्यांच्या अंड्यातून थेट छोटं देवगांडूळ बाहेर येतं.

(दृश्य: चोर्ला गाव, मागे म्हादईचं खोरं.)

या दोन्ही तऱ्हांचे प्राणी चोर्ल्यानं विज्ञानाला दिले आहेत. 2007 साली इथून गेगेनिओफिस म्हादेईएन्सिस ही नवी जात नोंदली गेली. नाव म्हादई नदीवरून. 2011 साली इक्थिओफिस डेव्हिडी. पश्चिम घाटातलं सगळ्यांत मोठं पट्टेरी देवगांडूळ म्हणून त्याचं वर्णन झालं, आणि नाव ठेवलं ब्रिटिश संशोधक डेव्हिड गोवर यांच्यावरून. एका सीमेवरच्या खेड्यातून चार वर्षांत दोन नव्या जाती! कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र जिथे एकमेकांना भिडतात, तिथल्या मातीची ही श्रीमंती बेळगावच्या शाळांत शिकवली जायला हवी असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: ओल्या पाल्यावरचं देवगांडूळ.)

त्याची कातडी पातळ आणि ओली असते, आणि श्वासाचा काही भाग तीही पेलते. म्हणून उन्हात पडलेलं देवगांडूळ फार टिकत नाही, आणि जमिनीत ओतलेलं कीटकनाशक त्याच्या अंगात सहज मुरतं. खोऱ्याखाली एखादं आलंच, तर ओल्या पाल्यावर घ्या आणि सावलीतल्या भुसभुशीत मातीवर सोडा. माणसाला त्याच्यापासून धोका नाही. अंगावरचा चिकट स्राव डोळ्यांत जाऊ नये, म्हणून नंतर हात तेवढे धुवा.