आधी आवार, मग वाडा

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडमध्ये डर्बीशर नावाचा परगणा आहे. तिथे डरवेंट नदीच्या काठी चॅट्सवर्थचा वाडा आहे, कॅव्हेंडिश घराण्याचा. हे लोक १५४९ पासून तिथे आहेत. किताब डेव्हनशरच्या ड्यूकचा आणि राहणं डर्बीशरमध्ये! असो. माझी भाची शेफील्डला असते, तिथून बसनं जाता येतं. बसमधून उतरलेली बहुतेक मंडळी तडक तिकिटाच्या खिडकीकडे धावतात. मग चित्रं, पुतळे, सोनेरी छतं. बाहेर येईतो पायांचे तुकडे पडलेले असतात, आणि १०५ एकरांची बाग, मागचा डोंगर, नदीकाठचं कुरण सगळं राहून जातं. माझं सांगणं उलटं आहे. आधी आवार, मग वाडा.

आणि यात माझ्या बाजूला एक मोठा माणूस आहे. जोसेफ पॅक्स्टन.

साल १८२६. पॅक्स्टन २२ वर्षांचा, गरीब शेतकऱ्याच्या घरातला. लंडनजवळ चिझिकच्या बागेत कामाला होता. ती जमीन होती सहाव्या ड्यूकच्या मालकीची. ड्यूकसाहेब अविवाहित, कानानं जरा अधू. येता-जाता या पोराशी बोलायचे. पोरगा हुशार वाटला, आणि त्यांनी त्याला थेट चॅट्सवर्थचा मुख्य माळी नेमून टाकलं! वय बघितलं नाही, वशिला बघितला नाही. आपल्याकडे साधा शिपाई नेमायचा तरी किती कागद लागतात, तो विषय आज नको. नेमणूक झाली आणि ड्यूकसाहेब निघाले रशियाला, झार निकोलसच्या राज्याभिषेकासाठी.

इकडे पॅक्स्टन लंडनहून रात्रीच्या घोडागाडीनं चेस्टरफील्डला उतरला, आणि तिथून माळरान तुडवत चॅट्सवर्थला पोचला. ९ मे, पहाटेचे साडेचार. नुकतं फटफटत होतं. वाडा गाढ झोपलेला, चिटपाखरू नाही. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? ओट्यावर बसून राहिलो असतो, कुणीतरी उठेल, चहा विचारेल म्हणून. या गड्यानं काय केलं, तर काचघराच्या बाजूचं फाटक चढून आत उडी मारली. सगळी बाग पायाखाली घातली. वाड्याला बाहेरून फेरी मारली. बाहेरून, बरं का. मग खाली भाजीपाल्याच्या मळ्याकडे गेला. त्याला उंच भिंत. तीही चढला! सहा वाजता गडीमाणसं कामावर आली, तर नवा मुकादम आधीच हजर. त्यानं त्यांना कामं वाटून दिली. मग कारंज्यांवरच्या माणसाला सांगून पाणी सोडायला लावलं, कारंजी कशी उडतात ते पाहिलं. आणि मग गेला न्याहारीला.

न्याहारी वाड्याच्या कारभारीण बाईंकडे, मिसेस ग्रेगरींकडे. तिथे त्यांची भाची बसली होती, सारा बाऊन. पुढे पॅक्स्टननं स्वतःच लिहून ठेवलंय, की ती माझ्या प्रेमात पडली, मी तिच्या प्रेमात पडलो, आणि चॅट्सवर्थमधलं माझं पहिल्या सकाळचं काम नऊच्या आत संपलं.

नऊच्या आत, श्रोतेहो! बाग पाहिली, भिंत चढला, माणसं कामाला लावली, कारंजी उडवली, आणि लग्न ठरल्यासारखंच. नऊच्या आत. पुढच्या वर्षी लग्न झालंही. तो गावोगाव फिरायचा तेव्हा चॅट्सवर्थचा कारभार ही सारा बघायची. पण कौतुक होतं ते नवऱ्याचं. हे काय फक्त तिकडचंच आहे?

आता वेळ थोडा राहिला, तेव्हा भराभर सांगते. पॅक्स्टननं १८४४ मध्ये झारसाठी एक कारंजं उभारलं. पाणी २९६ फूट उंच गेल्याची नोंद आहे. झार काही आला नाही, कारंजं राहिलं. आणि त्याला पंप नाही. डोंगरावरच्या तळ्यातून उतरणाऱ्या पाण्याचाच तो जोर. वारा फार असला की मात्र ते बंद ठेवतात. पॅक्स्टननं एक प्रचंड काचघरही बांधलं होतं. पहिल्या महायुद्धात ते तापवायला कोळसा मिळेना, झाडं मेली, आणि १९२० मध्ये सुरुंग लावून ते पाडलं. आज तिथे कुंपणाच्या झाडांचा भुलभुलैया आहे. मुलांना सोडून द्या त्यात.

आणि केळं. हो, केळं! मॉरिशसहून आलेली एक बुटकी केळ पॅक्स्टननं तिथल्या काचघरात वाढवली. १८३५ मध्ये ती फुलली, आणि तिला मालकाच्या घराण्याचं नाव मिळालं, कॅव्हेंडिश. आपल्या जळगावची बसराई याच गटातली, आणि ग्रँड नैनही. आपली केळी तिथून आली असं मी म्हणत नाही. कूळ एक, एवढंच. मला स्वतःला विचाराल तर वसईच्या राजेळीच्या सुकेळीपुढे हे कॅव्हेंडिश काहीच नाही. पण सुकेळी आता मिळते कुठे, आणि मिळाली तर भाव काय!

तर रस्ता कसा धरायचा? वाड्याकडे पाठ फिरवू नका, वाड्याच्या पाठीमागे जा. तिथे स्टँड वूड नावाचं रान आहे. चढ बऱ्यापैकी आहे, बूट चांगले घाला. वर १५८० च्या दशकातला शिकारीचा मनोरा लागतो, त्याच्या पुढे ते कारंज्याचं तळं. तिथून खाली उतरून बाग, मग नदीकाठ. नदीचं पात्र आणि हे कुरण अठराव्या शतकात कॅपेबिलिटी ब्राऊन नावाच्या बागरचनाकारानं नव्यानं घडवलंय, पण बघताना वाटतं जन्मापासून असंच असेल. आणि मग, पायांत बळ उरलं तर, वाडा. पुन्हा सांगते, आधी आवार, मग वाडा.

रानातल्या आणि कुरणातल्या पायवाटांना पैसे पडत नाहीत, बागेला आणि वाड्याला तिकीट आहे. कुरणात मेंढ्या चरत असतात, तेव्हा फाटक उघडलंत की मागे लावून घ्या. नमस्कार.