निळ्या-पिवळ्या ध्वजाखाली

११ सप्टेंबर १९७३. चिलीची राजधानी सान्तियागो. लष्कराने सरकार उलथवण्यास सुरुवात केली आहे आणि ला मोनेदा या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर चिलीच्याच हवाई दलाची विमाने बॉम्ब टाकत आहेत. हा धूर जगाने पुष्कळदा पाहिला आहे. त्याच दिवशी याच शहरातील क्युबाच्या दूतावासालाही सैन्याने वेढा घातला होता आणि तेथेही गोळ्या झाडल्या जात होत्या.

स्वीडनचे राजदूत हाराल्ड एडेलस्टाम तेव्हा साठ वर्षांचे होते. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांनी व्यापलेल्या नॉर्वेत, ऑस्लोच्या वकिलातीत काम करताना त्यांनी ज्यूंना आणि प्रतिकार चळवळीतील कार्यकर्त्यांना सीमेपलीकडे निसटण्यास मदत केली होती. ग्वाटेमालातील नेमणूक संपवून ते १९७२ मध्ये चिलीत आले होते.

लष्करी राजवटीने क्युबाशी संबंध तोडले. अशा वेळी बंद होणाऱ्या दूतावासाची वास्तू आणि त्या देशाचे हितसंबंध तिसऱ्या देशाच्या स्वाधीन करता येतात, अशी तरतूद १९६१ च्या व्हिएन्ना करारात आहे, आणि एडेलस्टाम यांनी तिचाच आधार घेतला. क्युबन कर्मचारी मायदेशी रवाना झाले व इमारतीवर स्वीडनचा निळा-पिवळा ध्वज चढला. कराराच्या भाषेत ही केवळ वास्तूची राखण होती. दूतावासात राजकीय आश्रय देण्याची प्रथा लॅटिन अमेरिकेत जुनी आहे आणि १९५४ च्या काराकास कराराने तिला लेखी रूप दिले. परंतु स्वीडन त्या करारात सहभागी नव्हता, म्हणजे आश्रितांना ठेवून घेण्याचा त्याचा हक्क राजवटीने मान्य करावाच, असे बंधन नव्हते. एडेलस्टाम यांनी हा प्रश्न सुटण्याची वाट पाहिली नाही. राजवटीपासून जीव वाचवू पाहणारी माणसे येत गेली आणि त्यांना आत घेतले गेले. त्यानंतर प्रत्येकाला सुखरूप देशाबाहेर जाण्याची परवानगी मिळावी, म्हणून अधिकाऱ्यांच्या दारी खेटे घालणे सुरू झाले.

पडद्यावर दिसणारे हे झिजलेले लाकडी बाक राष्ट्रीय क्रीडांगणातील आहेत. भोवतीच्या आसनांचे नूतनीकरण झाले, एवढा भाग मात्र मुद्दाम जसाच्या तसा जपला आहे. सत्तापालटानंतर हजारो कैद्यांना येथे डांबले होते. कैद्यांमध्ये स्वतःच्या देशातील दडपशाहीपासून पळून आलेले उरुग्वेचे नागरिकही होते. एडेलस्टाम क्रीडांगणात गेले, लष्करी अधिकाऱ्यांशी बोलले आणि ऑक्टोबरमध्ये ५४ उरुग्वेयन कैद्यांना सोडवून घेऊन बाहेर पडले. या सुटकेला संमती देणारे मेजर मारिओ लाव्हान्देरोस काही दिवसांतच गोळी लागून मरण पावले.

नोव्हेंबरच्या अखेरीस रुग्णालयातील एका आजारी उरुग्वेयन महिलेला ताब्यात घेण्यासाठी पोलीस आले, तेव्हा हे राजदूत तिच्या खाटेजवळून हटले नाहीत आणि प्रकरण धक्काबुक्कीपर्यंत गेले. डिसेंबरच्या सुरुवातीला राजवटीने त्यांना अवांछित व्यक्ती ठरवून देश सोडण्यास सांगितले.

स्टॉकहोमच्या परराष्ट्र मंत्रालयात त्यांच्या कार्यपद्धतीविषयी सर्वांनाच कौतुक नव्हते. पुढे ते अल्जीरियात राजदूत झाले. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर स्वीडनमध्ये चिलीच्या हजारो निर्वासितांची घरे उभी राहिली होती.