यादीतली एक ओळ

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर लांबलचक यादी, हळूहळू वर सरकते.]

ख्रिस्ती विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या संशोधनाची ही यादी. वर बायबलच्या नव्या करारावरचा ग्रंथ, त्याखाली नर्सिंग विभागाचा शोधनिबंध, मग गायकवृंदासाठी केलेली नवी संगीतरचना, मग ग्रंथपालांनी परिषदेत वाचलेला निबंध. प्रत्येकाला एकच ओळ. अभिनंदनाचा मजकूर लिहिण्याआधी ती तपासावी लागते, आणि हे काम वाटतं तेवढं कारकुनी नाही.

[दृश्य: डीओआय क्रमांक, जवळून.]

आधी डीओआय, म्हणजे प्रकाशित निबंधाला मिळणारा कायमचा ओळख क्रमांक. सुरुवातीला १०, मग टिंब, प्रकाशकाचा क्रमांक, तिरकी रेघ आणि शेवटी त्या निबंधाची स्वतःची खूण. हा दुवा उघडून बघायचाच. नक्कल करताना वाक्याचा पूर्णविराम शेवटी चिकटून आला, तरी पान उघडत नाही.

पण डीओआय असला म्हणजे शोधपत्रिका चांगली असं नव्हे. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिकाही शुल्क भरून डीओआय मिळवतात. म्हणून संपादक मंडळातली माणसं खरोखर तिथे काम करतात का, निबंध पाठवल्याची आणि स्वीकारल्याची तारीख काय, हे पाहायचं. चार दिवसांत स्वीकृती आली असेल, तर तो निबंध कुणी नीट वाचलेला नाही असं धरून चालावं.

मग ऑर्किड, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक. तो १६ स्थानांचा. शेवटचं स्थान तपासणीचं, आधीच्या १५ आकड्यांवरून गणितानं काढलेलं, त्यामुळे तिथे कधीकधी एक्स हे अक्षर येतं. टंकनातली चूक समजून कुणीतरी ते खोडतं आणि लेखकाच्या नावावरचे सगळे निबंध दिसेनासे होतात.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तारखांचा. निबंध डिसेंबरमध्ये ऑनलाइन येतो, छापील अंकात मार्चमध्ये. दोन्ही वर्षांच्या यादीत तो दिमाखात झळकतो. दोन विभागांतल्या सहलेखकांनी आपापली माहिती पाठवली, की एकाच वर्षात पुन्हा दोनदा. यावर उपाय एकच: पहिल्यांदा ऑनलाइन आल्याची तारीख धरायची की अंकाची, हे एकदा ठरवायचं आणि मग कुणासाठीही बदलायचं नाही. नुसता 'पाठवला' असलेला निबंध यादीत घेऊच नये.

धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांचं आणखी एक. निबंधावर ते सेमिनरीचं, म्हणजे धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थेचं, नाव देतात, विद्यापीठाचं राहून जातं. मग डेटाबेसमध्ये तो निबंध विद्यापीठाच्या खात्यात येत नाही. छपाईआधीचं प्रूफ हातात येतं तेव्हाच संस्थेचं नाव वाचलं तर हे टळतं. छापून झाल्यावर नुसता पत्रव्यवहार उरतो.

[दृश्य: एका बाजूला जाड ग्रंथ, दुसऱ्या बाजूला नावांनी भरलेली पानं.]

आता वजनाचा प्रश्न. भौतिकशास्त्रातल्या हिग्ज कणाच्या वस्तुमानावर २०१५ मध्ये आलेल्या निबंधाला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी २४ पानं नुसती लेखकांची आणि संस्थांची नावं. उलट नव्या करारावरचा ग्रंथ एकटा माणूस लिहितो. विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेकडे आधी आराखडा जातो, मग हस्तलिखित, मग बाहेरच्या तज्ज्ञ वाचकांचे अहवाल, त्यांना लेखकाचं लेखी उत्तर, आणि शेवटी संपादक मंडळ. यात वर्षं जातात. दोन्हींना एकेक गुण देऊन केलेली बेरीज कुठल्याही समितीपुढे ठेवण्याच्या लायकीची नसते. चर्चच्या मंडळीसाठी लिहिलेली भक्तिपर पुस्तकं वेगळ्या मथळ्याखाली द्यावीत. त्यांचा वाचक वेगळा असतो, परीक्षणही तसं झालेलं नसतं.

[दृश्य: चामड्याचे बारीक, काळपट तुकडे, भिंगाखाली.]

एक ओळ दुसऱ्या ओळीला कशी खोडते, हे मृत समुद्राच्या गुंडाळ्यांच्या, म्हणजे तिथल्या गुहांत सापडलेल्या सुमारे दोन हजार वर्षं जुन्या हस्तलिखितांच्या, प्रकरणात दिसलं. वॉशिंग्टनच्या म्युझियम ऑफ द बायबलकडे या गुंडाळ्यांचे म्हणून घेतलेले १६ तुकडे होते. त्यातल्या १३ तुकड्यांवरचा संशोधन ग्रंथ २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या संपादकांपैकी एक होते किप डेव्हिस, कॅनडातल्या ट्रिनिटी वेस्टर्न या ख्रिस्ती विद्यापीठाशी जोडलेले अभ्यासक. पुढच्याच वर्षी त्यांनी याच तुकड्यांबद्दल शंका मांडणारा निबंध लिहिला. एका तुकड्यावर त्यांना ग्रीक अल्फासारखी खूण दिसली होती. १९३७ च्या छापील हिब्रू बायबलात तळटीप दाखवायला अशीच खूण आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखनिकाला ती कुठून सुचावी?

२०१८ मध्ये जर्मनीत पाच तुकडे तपासले गेले आणि ते बनावट निघाले. मार्च २०२० च्या अहवालानं सगळेच्या सगळे १६ बाद केले. पुरावा भिंगाखाली होता. शाई जुन्या भेगांच्या आत उतरलेली होती आणि झिजलेल्या कडांवरून ओघळलेली होती. म्हणजे चामडं आधी जुनं होऊन तडकलं, लिहिणं नंतर झालं. खऱ्या गुंडाळीत हा क्रम उलटा असतो.

यादी वाचताना २०१६ चा ग्रंथ मोठा दिसेल आणि २०१७ चा निबंध लहान. वजन निबंधाचं जास्त, कारण आपण स्वतः संपादित केलेल्या साहित्यावर त्यानं प्रश्न उभा केला. आधीचा ग्रंथ यादीतून गुपचूप काढून टाकण्याचा मोह होतो. तसं करू नये. ओळ तशीच ठेवून पुढे काय घडलं याची नोंद जोडावी. मागे घेतलेल्या निबंधांचा 'रिट्रॅक्शन वॉच' या संकेतस्थळाचा संग्रह २०२३ पासून डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेकडे आहे आणि सर्वांसाठी मोफत आहे. वर्षातून एकदा आपली सगळी यादी त्याच्याशी ताडून पाहावी.

[दृश्य: अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याखाली चर्मपत्राचं पान, दिवे रंग बदलतात.]

राहिले कर्मचारी. इजिप्तमधल्या सिनाईच्या संत कॅथरीन मठातून आलेल्या 'कोडेक्स क्लायमेसी रेस्क्रिप्टस' या हस्तलिखितात जुना मजकूर खरडून वर सिरियाक भाषेतला मजकूर लिहिलेला आहे. २०१७ मध्ये त्याच्या प्रत्येक पानाची ४२ छायाचित्रं घेतली गेली, वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात. अतिनील प्रकाशात चर्मपत्र मंद उजळतं आणि मुरलेली जुनी लोहयुक्त शाई तेवढी काळी दिसते. अवरक्ताकडे जावं तशी तीच शाई फिकी पडते. पान जराही हललं तर प्रतिमा एकमेकींवर बसत नाहीत, म्हणून दिवे बदलायचे आणि पानाला हात लावायचा नाही. या प्रतिमांमधून २०२२ मध्ये उत्तर मुकुट तारकासमूहाची मोजमापं वाचली गेली, प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रज्ञ हिपार्कसच्या हरवलेल्या तारासूचीतली असावीत अशी. शोध बायबलच्या अभ्यासातून निघाला आणि छापून आला खगोलशास्त्राच्या इतिहासाच्या पत्रिकेत.

अशा कामात दिवे लावणारा, प्रतिमा जुळवणारा आणि हस्तलिखित हाताळणारा माणूस बहुतेक वेळा आभारात जातो, आणि आभारातलं नाव सहसा कुठल्या डेटाबेसमध्ये मोजलं जात नाही. योगदानाच्या १४ भूमिकांची 'क्रेडिट' नावाची वर्गवारी यासाठीच आहे: पद्धत ठरवणं, माहितीची निगा, सॉफ्टवेअर, दृश्यांकन, साधनं पुरवणं वगैरे. पण हा तक्ता मसुदा लिहायला घेण्याआधीच भरून ठेवावा. निबंध स्वीकारला गेल्यावर लेखकाचं नाव वाढवायचं म्हटलं, तर संपादक बहुधा सगळ्या सहलेखकांची लेखी संमती आणि कारण मागतात, आणि तिथे ग्रंथालयातल्या तंत्रज्ञासाठी भांडायला सहसा कुणी उरत नाही.